दोन तुकड्यांचा नियम

चंपत रामटेकेला भिलाईच्या पोलाद प्लांटात कुणी चंपत म्हणत नसे. सगळे त्याला ‘काटा’ म्हणत. टेस्ट हाउसमधल्या जुन्या मशीनला एक मोठी तबकडी होती आणि तिच्यावर काळा काटा. पोलादाचा तुकडा मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा, मशीन चालू करायचं. तुकडा ताणला जायचा, काटा चढत जायचा, आणि मग कानठळ्या बसतील असा आवाज होऊन तुकडा तुटायचा. काटा जिथवर चढला तो आकडा चंपत कागदावर लिहायचा, तुटलेली दोन टोकं एकमेकांना भिडवून तुकडा किती लांबला ते मोजायचा, आणि पुढचा तुकडा हातात घ्यायचा. पुढे डिजिटल मशीन आलं, तबकडी गेली, काटाही गेला. नाव मात्र चंपतला चिकटून राहिलं, आणि त्याला ते मनापासून आवडायचंही.

भट्टीतून एका वेळी ओतलेल्या पोलादाला हीट म्हणतात. प्रत्येक हीटचा एक तुकडा चंपतच्या टेबलावर यायचा. तुकडा पास, तर सगळी हीट पास. तुकडा नापास झाला तर त्याच हीटचे आणखी दोन तुकडे मागवायचे, आणि त्या दोन्हींनी भार झेललाच पाहिजे. एकानं झेलला आणि दुसऱ्यानं मान टाकली, तर हीट गेली. मग ती रेल्वेच्या रुळांच्या कामाची नाही, तिचं दुसरं काय करायचं ते करा. हा नियम चंपतनं केलेला नव्हता, पण तो पाळायचा मात्र असा, जणू आईच्या दुधातूनच आलेला.

“काटाभाऊ, केसभर कमी आहे. जाऊ द्या ना,” क्रेनवरचा कवडू एकदा म्हणाला होता. रूळ लाटणारे रोलिंगवाले खोळंबले होते, शिफ्ट संपत आली होती.

“तुही बायको ज्या गाडीत बसन, थे गाडी याच रुळावरून जाईन,” चंपत म्हणाला आणि त्यानं नापास लिहिलं.

कवडू त्याचा शेजारी, मरोद्याच्या कामगार क्वार्टरांत भिंतीला भिंत लागून राहणारा. त्यानं घरी जाऊन बायकोला किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, बरं केलं त्यायनं.

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस. असल्या माणसांचा बाहेर फार मान असतो. त्रास होतो तो घरातल्यांना.

चंपतचा बाप लहानू साकोलीकडून आला तेव्हा प्लांट अजून उभा राहायचा होता. त्यानं डोक्यावरून माती वाहिली. चंपत आयटीआय करून टेस्ट हाउसात लागला, तेव्हा लहानूनं अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले आणि विहारात जाऊन मेणबत्ती लावली. मातीवाल्याचा पोरगा आता इंजिनियरांना सांगणार, तुमचं लोखंड चांगलं की वाईट! चंपतला दोन मुलं झाली. मोठा प्रफुल, आणि त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी संघमित्रा.

प्रफुलचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोरगा दिसायला चुणचुणीत, बोलायला चटपटीत. विहारात भाषण करायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि सगळे म्हणायचे हा इंजिनियर होणार. एका खाजगी कॉलेजात त्याला घातला. पहिल्या वर्षी बरेच पेपर राहिले, दुसऱ्या वर्षी आणखी राहिले. घरी तो सांगायचा, सगळं ठीक आहे. शेवटी कॉलेजातून फोन आला तेव्हा पोरगा दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. गिरजाबाई दाराशी ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. आता तो रायपूरला एका मोबाइलच्या दुकानात आहे. सणाला घरी येतो, जेवतो आणि फोनमध्ये मान घालून बसतो.

“आपण न तपासता भार टाकला त्याच्यावर,” चंपत गिरजाबाईला म्हणाला होता. “तुटला. दोष त्याचा नाई, आपला.”

हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढचं सगळं झालं ते याच खऱ्या म्हणण्यापायी.

संघमित्रा भावाच्या अगदी उलट. लोकांसमोर तोंड उघडायची नाही, घरात मात्र बापाचं डोकं खायची. तुकडा तुटतो तेव्हा गरम होतो का? मधूनच कावून तुटते, टोकाला कावून नाई? लहानपणी तिनं हट्ट धरला होता, एक तुटलेला तुकडा घरी आणा, मला पाहायचा आहे. चंपतनं प्लांटातला खिळासुद्धा कधी घरी आणला नव्हता. तो म्हणाला, “नाई भेटणार.”

“मंग मीच येईन तिथं,” ती म्हणाली. “इंजिनियर होऊन. तुमच्या टेस्ट हाउसची इन्चार्ज. मंग तुमी मले मॅडम म्हणजा.”

चंपत असा खदखदून क्वचितच हसे. दुसऱ्या दिवशी हा किस्सा त्यानं सगळ्या शिफ्टला ऐकवला. पोरीनं मात्र तो किस्सा म्हणून सांगितला नव्हता. दहावीनंतर तिनं गणित घेतलं ते त्याच एका गोष्टीसाठी. धातूंचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात जायचं होतं तिला.

ती अकरावीत गेली त्या वर्षी शाळेत एक नवी चाचणी आली. गणिताच्या मथुरा साहू मॅडमनी ती खटपट करून आणली होती. रायपूरच्या एका संस्थेचा पेपर, पुष्कळ शाळांना तोच, वेळ तीच, उत्तरं तपासणार मशीन. पोरगं आज कॉलेजात गेलं तर टिकेल का, हे त्यातून कळायचं. एक रेषा ठरवलेली होती आणि ती कुणी मनानं ओढलेली नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षात जी पोरं तग धरून राहिली, त्यांना असल्या प्रश्नांत किती गुण पडले होते, ते पाहून ती ठरवली होती. मुलं तिला ‘रेडीनेस’ म्हणायची. ऑगस्टात एकदा, मग फेब्रुवारीत पुन्हा, आणि बारावीत आणखी एकदा.

पालकसभेत लोकांनी तोंडं वाकडी केली. आधीच परीक्षा थोड्या होत्या का? तेव्हा एकटा चंपत उठून उभा राहिला.

“अच्छा काम है मॅडम,” तो आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाला. “पहले जांच, बाद में लोड. हमारे यहाँ भी यही है.”

सगळे हसले. मॅडमही हसल्या, आणि या चाचणीला निदान एक तरी पालक पावला म्हणून त्यांना बरं वाटलं. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

निकाल द्यायला मॅडमनी पालकांना एकेक करून बोलावलं. चंपतच्या आधी कवडूचा नंबर होता. त्याची उन्नती संघमित्राच्याच वर्गात, लहानपणापासूनची मैत्रीण. कवडू आत बसला होता आणि दार उघडंच होतं, त्यामुळे चंपतला सगळं ऐकू आलं. उन्नतीचं गणित फारच खाली होतं, वर्गात सगळ्यांत खाली. कवडूनं डोकं खाजवलं.

“मग क्या करना मॅडम?”

“सुबह साढ़े छह बजे भेजिए. मैं एक्स्ट्रा क्लास ले रही हूँ.”

“भेजता,” म्हणून कवडू उठला. अजून काही विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग चंपत आत गेला. संघमित्राची भाषा वर, विज्ञान वर, गणित रेषेच्या थोडं खाली. मॅडमनी कागद त्याच्यासमोर सरकवला आणि बोटानं दाखवलं. बाकी सगळं बरं आहे, घसरतंय ते फक्त त्रिकोणमितीत. दहावीत कावीळ झाली होती ना हिला? तेच धडे राहून गेलेत. सहा महिने सकाळी येऊ द्या, फेब्रुवारीत पुन्हा बघू.

“मॅडम, लाइन के ऊपर है कि नीचे?”

“अभी थोड़ा नीचे है. लेकिन ये पास-फेलवाली परीक्षा नहीं है रामटेकेजी. कहाँ पढ़ाना है, ये हमको बताती है.”

“जी,” चंपत म्हणाला. पण त्याच्या डोक्यात पुढचं काही शिरलंच नव्हतं. रेषेच्या खाली, एवढं ऐकलं आणि त्याला प्रफुलच्या दाराशी ठेवलेलं ताट दिसलं.

संघमित्रा मात्र कागद पाहून खूश झाली. “बाबा, बस ट्रिग्नोमेट्रीच आहे. वो तो मैं कर लूँगी,” ती म्हणाली आणि सोमवारपासून पहाटे उठून उन्नतीच्या सायकलमागे आपली सायकल दामटत शाळेत जाऊ लागली. आठवडाभरात घरातल्या आरशावर, दाराच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे तिनं सूत्रं चिकटवली.

चंपतनं ती पाहिली. दोन-तीन दिवस त्यानं विचार केला, आणि मग त्याच्या मनानं त्याला येत होती ती एकच वाट धरली. तुकडा नापास झाला. ठीक आहे. आता त्याच हीटचे आणखी दोन तुकडे.

भिलाईत कोचिंगवाल्यांच्या चाचण्यांना तोटा नाही. दर रविवारी कुठे ना कुठे पोरांच्या रांगा लागलेल्याच असतात. चंपतनं सिव्हिक सेंटरकडच्या दोन निवडल्या, या रविवारची एक आणि पुढच्या रविवारची एक. रेषा मॅडमच्या कागदावरचीच धरायची असं ठरवलं.

“आता कावून बाबा?” संघमित्रा म्हणाली. “फेब्रुवारीत आहेच ना. अजून काही शिकली नाई मी.”

“आता कशी आहेस थे पाहाचं आहे.”

पहिल्या रविवारच्या पेपरात त्रिकोणमिती नावापुरतीच होती, ती रेषेच्या वर गेली. चांगली वर गेली. गिरजाबाईनं त्या दिवशी खीर केली. उन्नतीला हाक मारून वाटी दिली, घरच्यांसाठीही तिच्या हाती धाडली. चंपतनं खीर खाल्ली आणि म्हणाला, “अजून एक आहे.”

दुसऱ्या पेपरात त्रिकोणमितीचा भरणा होता. पोरगी बाहेर आली तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला होता. निकाल लागला तो रेषेच्या खाली, थोडाच खाली. केसभर म्हणा ना.

म्हणजे तीन पेपरांनी मिळून एकच गोष्ट सांगितली होती. या पोरीला सगळं येतं, एका ठिकाणी भोक आहे, तेवढं बुजवा. मथुरा मॅडमना ते पहिल्याच कागदावर दिसलं होतं. कवडूलासुद्धा कुणी समजावून सांगितलं असतं तर कळलं असतं. ज्याचा सारा जन्म मोजण्यात गेला त्याला मात्र ते कळलं नाही. याचा राग यावा की कीव, ते ज्याचं त्यानं ठरवावं. राग आधी येतो, एवढं खरं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर चंपतनं सांगून टाकलं. गणित सोडायचं, शाळाही सोडायची. आयटीआयमध्ये कॉम्प्युटरच्या ट्रेडची एक जागा रिकामी आहे, तो चौकशी करून आला होता.

“एकात तं पास झाली ना?” गिरजाबाई म्हणाली.

“दोनी पाहिजे.”

“कोनं सांगितलं दोनी पाहिजे मनून?”

“नियम आहे.”

“तुमच्या प्लांटाचा असन. घराचा कधीपासून झाला?”

चंपत चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन काही तरी वळण लागलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “गिरजा, प्रफुलले आपण हातानं ढकललं. अजून तोंड वर करून पाहात नाई तो माह्याकडं. ईचं तसं होऊ देऊ का?”

गिरजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती भांडी उचलून आत गेली. प्रफुलचं नाव निघालं की ती असंच करायची, आणि चंपतला ते ठाऊक होतं.

संघमित्रा बापाकडे पाहत राहिली. “बाबा, सहा महिने द्या ना. फक्त सहा महिने. फेब्रुवारीत नाई जमलं तं मी खुद सोडीन. प्रॉमिस.”

तिचा आवाज काकुळतीला आला होता. पण टेस्ट हाउसात त्यानं असे आवाज आयुष्यभर ऐकले होते. केसभर कमी आहे, आजच्या दिवस जाऊ द्या. आणि दरवेळी तो ऐकून न ऐकल्यासारखं करत आला होता, नि त्यासाठीच लोक त्याला मानत होते. त्यानं मान हलवली.

पोरगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी आरशावरचे आणि दारामागचे कागद गेलेले होते. फक्त चिकटपट्टीचे चौकोन उरले होते, ते पुढे कितीतरी दिवस घासून निघेनात.

ती सकाळच्या वर्गाला येईना, मग शाळेतही दिसेना, तेव्हा मथुरा मॅडम स्कूटीवरून थेट क्वार्टरात आल्या. चंपतनं त्यांना खुर्ची दिली, गिरजाबाईनं चहा केला. चंपत हात जोडून म्हणाला, “मॅडम, आपने ही नापा है. हम तो मान रहे हैं.”

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या बऱ्याच तापल्या होत्या, पण बाईंचा आवाज चढला नाही. “मैंने छोड़ देने के लिए नहीं नापा था, रामटेकेजी. पढ़ाने के लिए नापा था.”

“जी,” चंपत म्हणाला.

मॅडमनी फार समजावलं. पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग रेषेखाली असतो म्हणाल्या. ही चाचणी म्हणजे औषध द्यायच्या आधी ताप पाहण्यासारखी आहे म्हणाल्या. चंपत ‘जी, जी’ करत राहिला. असल्या ‘जी’पुढे कुणाचं काही चालत नाही. जाताना मॅडमनी दाराआड उभ्या असलेल्या संघमित्राच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती आत निघून गेली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. आयटीआयचं एक वर्ष झालं. पोरगी हुशार, पहिल्या नंबरानं पास झाली. कॉम्प्युटरचं काम काही मिळालं नाही. कुम्हारीला धानाच्या प्लास्टिक पोत्यांचा एक कारखाना आहे, तिथे तिला चेकिंगला घेतलं. दर गठ्ठ्यातलं एक पोतं काढायचं, त्याची पट्टी कापायची, छोट्या मशीनला लावायची आणि फाटेपर्यंत ओढायची. आकडा बरोबर आला तर गठ्ठा पास. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा चंपतनं उत्सुकतेनं काम विचारलं. तिनं सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा खुलला.

“म्हणजे आपलंच काम व्हय हे!” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “आपलंच.” आणि डबा धुवायला ठेवून ती झोपायला गेली.

तेव्हापासून ती घरात कामापुरतं बोलायची. सकाळी हमरस्त्यावरून बस धरायची, संध्याकाळी उतरायची. उन्नतीच्या घरची पायरी तिनं सोडलीच होती. उन्नती मात्र दीड वर्ष दिवस उगवायच्या आत सायकल बाहेर काढायची, आणि त्या सायकलचं स्टँड वाजलं की भिंतीपलीकडे संघमित्रा कूस बदलायची. गिरजाबाईला ते कळायचं. एकदा तिनं न राहवून चंपतला सांगितलं. तो म्हणाला, “सवय होते.”

उन्नतीची बारावी झाल्यानंतरच्या विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहारात नेहमीचा कार्यक्रम होता. वंदना झाली की त्या वर्षी कॉलेजात गेलेल्या मुलांचा सत्कार करायचा, ही तिथली जुनी रीत. लहानूच्या वेळी वर्षाला एखाद-दुसरं पोर असायचं, आता पुढची ओळ भरते. फूल आणि पुस्तक कुणाच्या हातून द्यायचं, तर चंपतच्या. इतका चोख माणूस दुसरा कोण? मुलांच्या शिक्षकांनाही बोलावलं होतं, आणि माइकसमोर मथुरा साहू मॅडम उभ्या होत्या.

उन्नतीचं नाव पुकारलं. रायपूरचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज, शाखा धातुशास्त्र.

धातुशास्त्र हा शब्द माइकवरून आला आणि चंपतचा हात पुस्तकावरच राहिला. उन्नतीनं घेतली ती नेमकी तीच शाखा. लहानपणापासून संघमित्राच्या तोंडून त्याच शाखेची महती ऐकली होती, दुसरी तिला कुठली ठाऊक असणार?

मॅडम कौतुकानं बोलत होत्या. पहिल्या चाचणीत ही मुलगी वर्गात सगळ्यांच्या खाली होती. तिला स्वतःलाच ते सांगायला आवडतं, म्हणून मी सांगते आहे. फेब्रुवारीत ती वर सरकली. बारावीत रेषा ओलांडून गेली. चाचणीनं आम्हाला फक्त दाखवलं, बाकी सगळं सकाळच्या त्या वर्गानं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवडू मागे उभा राहून शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता.

बोलता बोलता मॅडमची नजर चंपतवर गेली. त्या अडखळल्या, आणि मग घाईनं बोलणं आवरून खाली बसल्या. बाई चांगली. पण ते अडखळणंच त्याला जास्त लागलं.

त्यानं उन्नतीला फूल दिलं, पुस्तक दिलं. ती पाया पडली. त्यानं समोर पाहिलं. बायकांच्या शेवटच्या ओळीत पांढऱ्या साडीतल्या गिरजाबाईशेजारी संघमित्रा बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मनापासून वाजवत होती, हेच त्याला बघवेना.

परत येताना गिरजाबाई कवडूच्या बायकोबरोबर पुढे गेली. बाप-लेक मागे राहिले. रस्त्याला वर्दळ होती. दसऱ्याच्या मैदानाकडे निघालेली माणसं, फुगे, मोटारसायकली. इतक्या गर्दीत कुणाला कुणाचं ऐकू जाणार नव्हतं, म्हणूनच बहुधा चंपतनं तोंड उघडलं.

“संघमित्रा, अजून वेळ गेली नाई. ओपन स्कूल असते. बारावी करता येईन. मी मॅडमशी बोलतो.” मग तो घाईघाईनं पुढे म्हणाला, “पहिले एक टेस्ट देऊन पाहू. आता किती येते थे पाहू.”

संघमित्रा थांबली. त्याला वाटलं ती चिडेल. ती हसली, थकून आलेलं माणूस हसतं तसं.

“मागच्या महिन्यात उन्नतीनं तिचं पुस्तक दाखवलं मले. बस स्टॉपवर. मैंने देखा बाबा, कुछ समझ में नहीं आया. पहिले येत होतं थेबी गेलं.” मग चालायला लागून तिनं विचारलं, “तुमच्या इथं हीट फेल होते, तिचं का करतात?”

“दुसऱ्या कामाले देतात. हलक्या.”

“अन् तिथंबी नाई चालली तं?”

“स्क्रॅप.”

“अन् स्क्रॅपचं?”

उत्तर चंपतला ठाऊक होतं. टेस्ट हाउसच्या खिडकीतून ते रोज दिसायचं. तुटलेले तुकडे, कापलेली टोकं, नापास झालेलं सगळं एका भल्या मोठ्या डब्यात भरून भट्टीकडे जायचं. तिथे ते वितळायचं आणि नव्या हीटमध्ये मिसळून, नवा नंबर घेऊन पुन्हा त्याच्याच टेबलावर यायचं. आधी ते काय होतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

“परत भट्टीत टाकतात,” तो म्हणाला.

“हो ना,” संघमित्रा म्हणाली. “मले तुमी तीनदा मोजलं बाबा. तापवलं एकदाबी नाई.”

एवढं बोलून ती झपझप पुढे गेली आणि आईला गाठून तिच्या बरोबरीनं चालू लागली. दुसऱ्या दिवशी तिची पहिली पाळी होती, कुम्हारीची बस चुकवून चालणार नव्हतं. चंपत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मैदानाकडे जाणारा कुणीतरी ओळखीचा ओरडला, “का काटाभाऊ, इथं कावून उभे?” पहिल्यांदाच त्याला त्या नावाची लाज वाटली, आणि त्यानं ऐकूच आलं नाही असं दाखवलं.